पोंग्यातली अळी आणि पहाटेचा गारठा

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर नांदेडहून आलेला रस्ता दोन वाटांना फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करत वाशीम-अकोल्याला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ आणि नागपूरला. ट्रक उभे राहतात, एसटीतून माणसं उतरतात, टपरीवरचं चहाचं पातेलं दिवसभर चुलीवरून उतरत नाही.

त्या पातेल्यातली पत्ती पिकते आसामात. तिथं जोरहाटजवळच्या टोकलाई इथं १९११ पासून चहाच्या झुडपावर संशोधन चालू आहे. तिथल्या शास्त्रज्ञांपुढचे दोन जुने प्रश्न कळमनुरी तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही लगेच ओळखीचे वाटतील. कीड कोणत्या झाडाला सोडून देते? आणि थंडी कोणतं झाड सोसतं? रुंद पानाचा आसामी चहा सपाटीवरच्या उबेत जोमानं वाढतो; दार्जिलिंगच्या गारठ्यात मात्र बारीक पानाचा चिनी चहा टिकून राहतो. मळ्यात शिरीषासारखी सावलीची झाडं लावतात, चीनमध्ये तर चेस्टनटच्या ओळींमध्येही चहा घेतात, आणि शेजारच्या झाडामुळे चहाच्या अंगात काय बदलतं याचा शोध आता जनुकांपर्यंत पोचला आहे.

हिंगोली जिल्ह्यात चहा पिकत नाही. पण हेच दोन प्रश्न इथल्या काळ्या रानात एका दुसऱ्या पिकानं पिढ्यान्‌पिढ्या सोडवले आहेत, तेही तूर आणि करडईच्या शेजारात उभं राहून. ते पीक म्हणजे रब्बीची ज्वारी. पुस्तकात तिला शाळू म्हणतात, परभणी-नांदेड-हिंगोलीच्या बोलीत टाळकी जवारी.

ज्वारी मुळात उष्ण देशातली. तिचं माहेर ईशान्य आफ्रिका. पूर्व सुदानच्या बुटाना भागात सापडलेल्या खापरांवर ज्वारीच्या फोलपटांचे ठसे मिळाले. ते इसवीसनपूर्व ३५०० ते ३००० या काळातले आहेत आणि त्यांत रानटी ज्वारीचं पिकात रूपांतर होत असल्याच्या खुणा दिसतात, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. तिथून समुद्र ओलांडून ती भारतात आली. इथं तिला दोन हंगाम मिळाले. पावसाळ्यातला हंगाम तिच्या माहेरच्या हवेशी जुळणारा होता. दुसरा हंगाम मात्र तिच्या स्वभावाविरुद्ध होता: पाऊस संपल्यावर पेरायचं, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढायचं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत फुलोऱ्यात यायचं. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, धाराशिव, बीड, परभणी, जालना या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी ही उष्ण देशातली मुलगी थंडीत नांदवली. ते कसं घडलं, याची गोष्ट तिच्या पानांवर आणि परागकणांवर लिहिलेली आहे.

त्या गोष्टीची सुरुवात पेरणीपासून करावी लागते. मराठवाड्यात सलग एकच पीक घेण्याची रीत तशी अलीकडची. जुन्या पद्धतीत तिफणीच्या चाड्यातून ज्वारी पडायची आणि मागून दोरीनं बांधलेलं सरतं ओढत बाई तुरीचा तास धरायची. खरिपाच्या रानात ज्वारी, तूर, मूग, उडीद, कडेला अंबाडी, मध्येच तीळ. मूग-उडीद श्रावण-भाद्रपदात निघायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास ज्वारी, आणि त्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत तूर हातपाय पसरायची. रब्बीत शाळूसोबत करडई, कुठं हरभरा, कुठं जवस. करडईचे तास बहुधा बांधाच्या बाजूला, कारण तिच्या काट्यांमुळे मोकाट गुरं आत तोंड घालत नाहीत. एक पीक बसलं तर दुसरं हाताला लागावं, हा त्यामागचा पहिला हिशेब होता.

दुसरा हिशेब एका पिकानं शेजारच्या पिकाला सांभाळण्याचा; तो बोलण्यात फारसा येत नसे, पण वावरात चालू असे. लातूर-धाराशिवकडची वेळा अमावस्या त्याची साक्ष देते. मार्गशीर्षाच्या अखेरीस शाळू उभा असताना घरोघरची माणसं रानात जातात, कडब्याची कोप उभारतात, पूजा करतात. त्या दिवशीच्या जेवणात ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील असते आणि भज्जी असते, जिच्यात तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या असं रानात जे जे उभं आहे ते सगळं पडतं. मिश्र पेऱ्याचं आख्खं वावर त्या एका पातेल्यात उतरलेलं असतं.

आता वावरात जरा खाली बसून पाहावं. शाळूचा पेरा उत्तरा-हस्त नक्षत्रांत, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. रोप उगवून आठवडा होतो न होतो तोच एक करड्या रंगाची बारीक माशी येते. ही खोडमाशी, शास्त्रीय नाव अ‍ॅथेरिगोना सोकाटा. घरातल्या माशीपेक्षा लहान. ती पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं चिकटवते, पांढरं, लांबुळकं, तांदळाच्या कणीसारखं. दोन-एक दिवसांत पहाटेच्या वेळी अंड्यातून अळी निघते आणि पानावरून सरपटत पोंग्याकडे निघते. पोंग्यात शिरली की वाढीचा कोंब बुडाशी कुरतडते. चार दिवसांनी मधलं पान सुकतं आणि नुसतं धरून ओढलं तरी हातात येतं. नाकाजवळ नेलं तर कुजका वास येतो. शेतकरी त्याला पोंगेमर म्हणतो. रोप महिन्याचं झालं की ते या माशीच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटतं. म्हणजे सगळी लढाई पहिल्या तीन-चार आठवड्यांची.

खरिपात या माशीला चुकवण्याचा उपाय सोपा होता: मृगाचा पाऊस पडताच पेरून टाकायचं. माशीची संख्या वाढेपर्यंत रोप मोठं झालेलं असायचं. पेरणी लांबली की नुकसान ठरलेलं. रब्बीत ही पळवाट नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात माशी वाढलेली असते आणि शाळूचं कोवळं रोप नेमकं तिच्यापुढे येतं. म्हणून रब्बीच्या वाणांना माशीशी समोरासमोर उभं राहायला शिकावं लागलं. ज्या रोपांत ते बळ नव्हतं त्यांना कणीसच आलं नाही, आणि कणीस नाही म्हणजे पुढच्या वर्षी बी नाही. खळ्यावर शेतकरी चांगली भरलेली कणसं निवडून बियाण्यासाठी वेगळी टांगायचा तेव्हा निसर्गाची एक चाळणी आधीच लागून गेलेली असायची.

हे बळ नेमकं कशात आहे, हे शोधायला १९५१ साली मद्रासकडे पोन्नय्या या शास्त्रज्ञांनी सुरुवात केली. खोडमाशीला दाद न देणाऱ्या ज्वारीची शेतातली पाहणी करून तिच्या पानांच्या रचनेत त्यांनी कारण शोधलं. १९७२ साली हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि या शोधाला जोर आला. तिथं माशीची परीक्षा घ्यायची एक पद्धत बसवली गेली. आधी माशीला आवडणाऱ्या ज्वारीच्या ओळी पेरायच्या, वीसेक दिवसांनी त्यांच्यामध्ये परीक्षेचे वाण पेरायचे आणि रानात सुक्या मासळीची भुकटी ठेवायची. त्या वासानं माश्यांचे थवे येतात. अशा गर्दीतही जे रोप पोंगा वाचवतं ते खरं.

त्या परीक्षेत उतरलेल्या रोपांची पानं वेगळी दिसली. ती फिकट हिरवी, ताठ, अरुंद आणि तुकतुकीत होती. सकाळच्या उन्हात चमकत होती. भिंगाखाली पाहिल्यावर पानाच्या खालच्या बाजूला टोकदार बारीक लव दिसली. माशी अशा पानावर अंडी कमी घालते आणि अळीची वाट त्या लवेमुळे अवघड होते. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. अळीला पोंग्यापर्यंत सरकायला पानावर ओलाव्याचा पातळ थर लागतो. जुनी माणसं सांगतात की शाळू दवावर पोसतो, त्यामुळे ही ओलही दवाचीच असेल असं कुणालाही वाटेल. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की पोंग्यातल्या पानावरची ती ओल हवेतून न येता रोपाच्या आतूनच पाझरते. बळी पडणाऱ्या वाणांच्या पोंग्यात ती जास्त, टिकणाऱ्या वाणांच्या पोंग्यात कमी. अळीची वाट रोप स्वतःच ओली करतं किंवा कोरडी ठेवतं.

ज्वारीच्या अंगात आणखी एक शस्त्र आहे आणि ते मराठवाड्यातल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. कोवळी, पाण्यावाचून तटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर धसकटाला फुटलेले कोंब जनावरानं खाल्ले की त्याला किराळ लागते. जनावर धापा टाकतं, कोसळतं, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मरतं. किराळ म्हणजे हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा. ज्वारीच्या पेशींत धुरिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला हे नाव मिळालं. डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली तो वेगळा काढला. पान चावलं गेलं की धुरिन फुटतं आणि विष मोकळं होतं. धुरिन बनवणारी जनुकं ज्वारीच्या पहिल्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून बसली आहेत, हेही पुढे कळलं.

या विषाचा संबंध शेजारच्या तुरीशी लागतो. तुरीचा सगळ्यांत जुना शत्रू म्हणजे मर रोग. जमिनीतली फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरते आणि शेंगा भरायच्या वेळी उभं झाड वाळतं. इक्रिसॅटमध्ये १९८०च्या दशकात सलग तूर आणि ज्वारीतली तूर शेजारीशेजारी घेऊन पाहिली, तेव्हा ज्वारीच्या सोबतीत मर कितीतरी कमी आढळली. ज्वारीच्या मुळांतून जमिनीत झिरपणारं हायड्रोसायनिक आम्ल हे त्याचं एक कारण मानलं जातं. ज्या गुणामुळे बैल दगावतो त्याच गुणामुळे तुरीचा तास वाचतो. सरतं ओढणाऱ्या बाईला फ्युजेरियम हे नाव ठाऊक नव्हतं. ज्वारीतली तूर कमी मरते एवढं तिच्या सासूनं तिला सांगितलेलं होतं.

हरभऱ्याच्या रानात ज्वारीचे दाणे विखरून टाकायची रीतही अशीच. उंच ताटांवर साळुंक्या आणि कोतवाल बसतात, तिथून खाली झेपावून घाटेअळ्या वेचतात. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत त्याला पक्षीथांबे म्हणतात. शेजाराच्या या विद्येचा आफ्रिकेतही मोठा उपयोग झाला. ज्वारीचा दुसरा शत्रू खोडकिडा हा मूळचा आपल्या बाजूचा, आशियातला. १९३०च्या दशकात तो आफ्रिकेत मलावीत आढळला आणि तिथली मका-ज्वारी पोखरू लागला. केनियातल्या इसिपे या संस्थेत भारतीय वंशाचे कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात उपाय बसवला: ओळींच्या मध्ये डेस्मोडियम पेरायचं, त्याच्या वासानं पतंग दूर पळतो, कडेला नेपिअर गवत लावायचं, ते पतंगाला आपल्याकडे ओढतं. डेस्मोडियमच्या मुळांनी टारफुला हे परोपजीवी तणही आटोक्यात आलं. खोडकिड्याची पीडा इथून तिकडे गेली, आणि शेजारपिकाचा उपाय तिकडच्या रानात नव्यानं तपासला गेला.

मराठवाड्याच्या ज्वारीच्या इतिहासात १९६४ हे साल मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं. त्या वर्षी भारतातला पहिला संकरित ज्वारी वाण सीएसएच १ प्रसारित झाला. त्याची मादी अमेरिकेतली कम्बाइन काफिर ६०. संकर करायचा तर मादी नरवंध्य लागते, आणि ती युक्ती टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ साली काढली होती: मिलो जातीच्या ज्वारीचं पेशीद्रव्य आणि काफिरचं केंद्रक. मिलो हे नाव मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळ्या कारणानं आठवतं. टंचाईच्या वर्षांत रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलोवर घरं तगली. त्याच मिलोचं पेशीद्रव्य हायब्रीडच्या मादीत होतं.

वसंतराव नाईक १९६३च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले आणि १९७५पर्यंत त्या पदावर होते. त्यांचं गहुली गाव पुसद तालुक्यातलं, कळमनुरीहून पैनगंगा ओलांडली की पलीकडे. हायब्रीड ज्वारीचा त्यांनी मनापासून पाठपुरावा केला. बुटकी ताटं, घट्ट कणसं, शंभर-सव्वाशे दिवसांत पीक. ज्या घरात वर्षभराचं धान्य पुरत नव्हतं तिथं पोती उभी राहिली. हे श्रेय त्या बियाण्याला दिलंच पाहिजे. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आज ते वसंतराव नाईकांच्याच नावानं ओळखलं जातं.

पण हायब्रीडसोबत खोडमाशीही वाढली. पेरणी जरा लांबली की पोंगेमर, कणसं फुलताना मिज माशी, आणि काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणे काळे. भाकरी काळपट व्हायची. याचं एक कारण पुढे आनुवंशशास्त्रात सापडलं. पानाचा तुकतुकीतपणा आणि पानावरची लव हे गुण बहुतांशी अप्रभावी आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाले तरच रोपात दिसतात. संकरात एक बाजू जरी माशीला बळी पडणारी असली तरी तिची मुलं गुळगुळीत, गडद हिरव्या पानांची निघतात. इक्रिसॅटच्या पुढच्या अभ्यासांनीही हेच सांगितलं की टिकाऊ हायब्रीड हवं असेल तर नर आणि मादी दोन्ही वाण टिकाऊ असले पाहिजेत. खरिपात लवकर पेरून शेतकऱ्यानं त्यावर मात केली. रब्बीत हायब्रीडला तशी संधी मिळाली नाही.

रब्बीत तोवर मालदांडीनं आपली जागा पक्की केली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीच्या रानातून निवड करत करत एम ३५-१ हा वाण वेगळा काढला गेला. त्या काळी मोहोळ मुंबई प्रांतात होतं आणि हिंगोली-परभणी निजामाच्या राज्यात. बियाण्यानं ती सीमा मानली नाही. मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावरं आवडीनं खातात असा उंच कडबा, यामुळे मालदांडी दख्खनभर पसरली. तिच्या पानात तुकतुकीतपणा आहे, लव आहे. खोडमाशी तिच्यावर येत नाही असं नाही, पण बसते कमी आणि मारते कमी. जवळजवळ नव्वद वर्षं होत आली तरी रब्बीच्या कोणत्याही नव्या वाणाची तुलना आजही एम ३५-१ शी होते.

मालदांडीचा दुसरा गुण थंडीचा. शाळू पोटरीत असतो तेव्हा परभणी-हिंगोलीकडे कित्येक पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. नेमके त्या दिवसांत कणसाच्या आत परागकण तयार होत असतात. थंडी न सोसणाऱ्या ज्वारीत त्या वेळी परागकण पोकळ राहतात. कणीस निसवतं, दिसायला चांगलं दिसतं, पण बोटांनी दाबलं तर आत दाणा नसतो. हायब्रीडमध्ये अडचण दुप्पट होते. तिथं मादीचं पेशीद्रव्य नरवंध्यत्वाचं असतं आणि नराकडून आलेली जनुकं ते वंध्यत्व दूर करतात, तेव्हाच कणीस भरतं. थंड रात्रींत ही दुरुस्ती अपुरी पडते. रब्बीसाठी सीएसएच ८ आर पासून सीएसएच १९ आर पर्यंत अनेक हायब्रीड आली, तरी शेतकऱ्यानं मालदांडी सोडली नाही, याचं हे एक मोठं कारण आहे. मालदांडी स्वतःच्याच पेशीद्रव्यात सुपीक असते. तिला बाहेरच्या दुरुस्तीची गरज नाही. परभणीच्या विद्यापीठानं पुढे परभणी मोती आणि परभणी ज्योती यांसारखे रब्बीचे वाण दिले, तेही सरळ वाण आहेत.

माशीविरुद्धचे गुण नेमके कोणत्या गुणसूत्रावर बसले आहेत, हे कळायला २००९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी जानेवारीत ज्वारीच्या सगळ्या दहा गुणसूत्रांचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हैदराबादच्या ज्वारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २९६ बी हा उत्पादक पण माशीला बळी पडणारा वाण आणि इथिओपियाचा आयएस १८५५१ हा टिकाऊ वाण यांच्या संकराची संतती तपासली. त्यांना माशीविरुद्धच्या गुणांशी निगडित २९ जागा सापडल्या: तुकतुकीतपणाच्या ४, रोपाच्या जोमाच्या ४, अंडी कमी पडण्याच्या ७, पोंगेमर कमी होण्याच्या ६ आणि पानांच्या दोन्ही बाजूंवरच्या लवेच्या ८. बहुतेक जागी टिकाऊपणा इथिओपियाच्या वाणाकडून आला होता. एका जनुकानं हा प्रश्न सुटत नाही, याचा तो पुरावा होता. कुठं लव, कुठं चमक, कुठं कोरडा पोंगा, कुठं भराभर वाढून माशीच्या हातून सुटणारं रोप. लहानलहान बळांची बेरीज होते तेव्हा पीक तगतं.

थंडीच्या बाबतीत असाच शोध अमेरिकेत लागला. कॅन्सस राज्यात ज्वारी लवकर पेरायची तर रोपाला वसंतातला गारवा सोसावा लागतो. त्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी चीनच्या उत्तरेकडची थंडीतली ज्वारी घेतली. तिचं रोप थंडी सोसायचं, पण दाणे कडवट-तुरट आणि ताटं उंच यायची. २०१९ साली त्यांना कळलं की रोपाला थंडी सोसायला लावणाऱ्या गुणसूत्रावरच्या जागा टॅनिनच्या आणि उंचीच्या जनुकांना लागून आहेत. चहाला तुरटपणा देणारी पॉलिफिनॉल आणि ज्वारीतलं टॅनिन हे एकाच कुळातले पदार्थ. थंडीचा गुण ओढून घ्यायला गेलं की तुरटपणाही मागोमाग येत होता. मालदांडीची मोठी गोष्ट ही की ती कणसात थंडी सोसते आणि तिची भाकरी गोडच राहते. ही निवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी चाखूनच बी ठेवलं होतं.

एखाद्या दूरच्या गावचं बी दुसऱ्या टोकाच्या माणसांना कसं वाचवतं, याचं ठसठशीत उदाहरण हैतीचं आहे. २०१३ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्वारीवर उसाचा मावा मोठ्या प्रमाणात उतरला. मराठवाड्यात शाळूवर जो चिकटा पडतो तो याच माव्याच्या गोड स्रावाचा. लवकरच तो हैतीत पोचला आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांचं मुख्य धान्य झडू लागलं. काही रोपं मात्र हिरवी राहिली. त्यांत सहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक होतं, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा माग इथिओपियाच्या देशी ज्वारीपर्यंत लागला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ देशोदेशींच्या बियाणे-पेढ्यांमधून हातोहात फिरलेलं ते बियाणं होतं. कुणीतरी कधीतरी एका खेड्यातून मूठभर दाणे जपून ठेवले नसते, तर ते जनुक हैतीला मिळालंच नसतं.

वारंग्याच्या परिसरात आज चित्र बदललं आहे. इसापूर धरणाच्या कालव्यांनी पाणी आणलं आणि ऊस, केळी, हळद वाढली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती या जिल्ह्याची ओळख आहे आणि तिनं अनेक घरं उभी केली. पण हळदीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हळद त्रिगुणित आहे, तिच्या पेशीत ६३ गुणसूत्रं असतात, आणि तिची लागवड बियांऐवजी कंदानं होते. सेलम वाणाचा एक कंद दुसऱ्या कंदाची हुबेहूब प्रत असतो. कंदमाशी किंवा कंदकूज यांना एक रोप पचलं की सगळा मळा सारखाच पचतो. शाळूच्या रानात तसं नव्हतं. प्रत्येक कणसात थोडं वेगळेपण असायचं.

कोरडवाहू रानात खरिपाची ज्वारी सोयाबीननं हटवली. सरतं भिंतीला टेकून पडलं. सोयाबीनमध्ये तुरीचे तास अजून आहेत, पण मर थोपवणारी ज्वारी त्यांच्या सोबतीला नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरांत ज्वारीच्या भाकरीला मान वाढला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली आणि जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दगडी ज्वारी हेही मराठवाड्याचंच जुनं बी. हे मानांकन तिच्या चवीला मिळालं. तिच्या पानावरच्या लवेचा आणि थंडीत भरणाऱ्या कणसाचा हिशेब त्यात धरलेला नाही. तो हिशेब अधिक मोलाचा आहे, कारण चव मिळवायला दुसरं बी शोधता येतं, पण सप्टेंबरच्या माशीला आणि जानेवारीच्या पहाटेला तोंड देणारं बी मागणीवर तयार होत नाही.

कळमनुरी, वसमत, हदगाव, अर्धापूरच्या गावांत अजूनही काही घरांत आजीच्या हातची टाळकी जवारी कणगीच्या कोपऱ्यात, कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेली असेल. ती जपायला फार लांब जावं लागत नाही. फाट्यावरून हिंगोलीमार्गे गेलेला महामार्ग ज्या अकोल्याला पोचतो तिथं राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे. तोच महामार्ग उलट दिशेला नांदेड-देगलूर करत संगारेड्डीला जातो. तिथून जवळच पटनचेरूला इक्रिसॅटची पेढी आहे आणि तिच्यात ज्वारीचे ४० हजारांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. नांदेडहून लातूर-तुळजापूरच्या वाटेनं सोलापूर लागतं, तिथं रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, आणि परभणीचं विद्यापीठ तर शेजारीच आहे. २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी स्वतःच्या नावानं करायचा हक्कही दिला आहे.

ज्यांच्या घरी असं बी असेल त्यांनी दोन तास तरी या रब्बीत पेरावेत, आणि दोन ओंजळी दाणे यांपैकी कुठल्याही दारी नेऊन द्यावेत. पाकिटावर गावाचं नाव, पेरणीचं नक्षत्र आणि सोबत कोणतं पीक पेरलं जायचं, एवढं मात्र आठवणीनं लिहावं.